शून्य खर्चाचं पाकीट

१

सभासचिव बाईंनी पाकीट उचललं, त्याच्या खालच्या कडेवर फिरणाऱ्या दोन लाल मुंग्या फुंकून उडवल्या आणि वरच्या बाजूनं कात्री चालवली. सगळं सभागृह कान टवकारून बसलं होतं. या नगरपालिकेत पहिल्यांदाच एखाद्या ठरावाचा खर्च मत देण्याआधी मोठ्यानं वाचला जाणार होता.

ठरावही तसाच होता. यापुढे कुठलाही नियम किंवा ठराव मांडायचा तर त्याचा खर्च सोबत जोडायचा. एकवेळचा किती आणि आवर्ती किती, म्हणजे दरवर्षी न चुकता मागे लागणारा किती, ते सभेत वाचून दाखवायचं आणि मगच हात वर करायचे. गावात त्याला 'आधी खर्च'चा नियम म्हणू लागले होते. आजवरची पद्धत बरोबर उलटी होती. आधी टाळ्या, मग चौकात कारंजं, आणि मग कारंज्याच्या विजेचं बिल बघून डोळे पांढरे. ते कारंजं आता कोरडं पडलं होतं आणि त्यात कुत्री झोपत होती.

खर्च सांगायला लावणाऱ्या नियमाचाही काही खर्च असणारच. तो लपवला तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून अध्यक्षांनी तो बंद पाकिटात मागवला होता. एकच प्रत, कच्चं टिपणसुद्धा ठेवायचं नाही. सभेआधी आकडा फुटला की राजकारण सुरू होतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

बाईंनी कागद उलगडला आणि वाचला. "एकवेळचा खर्च, शून्य. आवर्ती खर्च, शून्य."

क्षणभर कुणाला उमगलंच नाही. मग विरोधी बाकावरचे खोकलेबुवा खोकले. हरकत घेण्याआधी हा नगरसेवक हमखास खोकायचा, त्यावरूनच त्याला हे नाव पडलं होतं.

"अध्यक्ष महाराज, फुकट? मग हे खर्च मोजणार कोण, आभाळातून माणसं उतरणार? पहिल्याच पत्रकात थाप! ज्यांनी नियम सुचवला त्यांनीच पहिला मोडला!"

सभागृह खदखदून हसलं. सत्ताधारी हसले, विरोधी हसले, दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसला. लेखा विभागाच्या बाकावरून एक बाई ताडकन उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हा माझा कागद नाही," ती म्हणाली.

"पाकिटाच्या तोंडावर सही कुणाची आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझीच. सही माझी आहे, कागद माझा नाही."

आणखी हशा झाला. कागद हातात धरून उभ्या असलेल्या सभासचिव बाईंच्या जिवाला त्या हशानं कसा गारवा वाटला, ते कुणाला दिसलं नाही. कारण ती लेखाधिकारी त्यांची सख्खी धाकटी जाऊ होती.

पालिकेत या दोघींना थोरली आणि धाकटी असंच म्हणत. जावाजावा आणि हेवादावा हे तर जुनंच गणित. पण थोरलीचं दुखणं साधं नव्हतं. 'खर्च आधी सांगा' हे ती स्वतः कित्येक वर्षं सांगत आली होती. दर सभेनंतर सांगायची आणि लोक म्हणायचे, बाईंची कुरकुर सुरू झाली. तेच धाकटीनं एकदा रंगीत तक्ता काढून सांगितलं आणि अध्यक्ष म्हणाले, वा, काय कल्पना आहे! आपण बोललो तर कुरकुर, ती बोलली तर कल्पना. नियम झाला की नवं खर्चाधिकारी पद निघणार आणि तेही धाकटीलाच मिळणार, अशी कुजबूज होती. ती ऐकल्यापासून थोरलीच्या अंगाचा तिळपापड होत होता.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. थोरली तडक घरी आली. नवरा सर्दी म्हणून शाळेला सुट्टी टाकून घरीच बसला होता. तो मास्तर. तिनं चपला काढायच्या आतच त्यानं विचारलं, "काय गं, हसले ना?"

"पोट धरून हसले," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

२

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी तिला खोलीत बोलावलं.

"सचिवबाई, ही चौकशी तुम्ही करायची. पुढच्या सभेपर्यंत कोणी केलं ते कळलं तर ठीक. नाहीतर तुमच्या जाऊबाईंना निलंबित करावं लागेल आणि हा नियमही कायमचा गुंडाळावा लागेल. खोटं पत्रक देणाऱ्याला ठेवून घेतलं तर मी कुठल्या तोंडानं बोलू?"

"पण साहेब, ती माझ्या घरातलीच. लोक काय म्हणतील?"

अध्यक्ष मिशीतल्या मिशीत हसले. "लोक म्हणतील की तुम्ही तिला पाठीशी घालणार नाही. तेवढी खात्री सगळ्या पालिकेला आहे."

थोरलीला ते लागलं, पण तिनं काम घेतलं. खरं सांगायचं तर आनंदानं घेतलं. लेखा विभागाकडे जाताना तिनं मनातल्या मनात निकालपत्रसुद्धा लिहून टाकलं. धाकटीला पद हवं होतं, पदासाठी नियम मंजूर व्हायला हवा होता, खर्च दिसला असता तर सभा बिथरली असती, म्हणून तिनं शून्य लिहिलं. इतकं सरळ होतं ते. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. धाकटी काहीही असली तरी मूर्ख नव्हती.

धाकटी टेबलाशी बसून नुसतीच पेन्सिलीला टोक करत होती.

"बसा ना ताई."

"मी चौकशीला आलेय. पाकीट कुणी बंद केलं?"

"मीच. पत्रक घातलं, डिंकानं तोंड चिकटवलं, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही केली आणि संध्याकाळी थेट तुमच्या हातात दिलं. मधे कुणाकडे गेलं नाही."

"माझ्या हातातून तर ते थेट सभेतच गेलं," थोरली म्हणाली. "मग खऱ्या पत्रकात काय लिहिलं होतंस?"

धाकटीनं पेन्सिल जोरात दाबली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"का? असं काय लिहिलं होतंस?"

"तुम्ही चौकशी करताय ना? मग ते ऐकलंत तर तुमची चौकशी बाटेल. आणि आता सांगून तरी काय? लोक म्हणतील, सुचलं सोयीचं. कागद सापडला तर वाचा. तोवर माझ्याकडे मागू नका." तिनं डोळे पुसले. "नोकरी गेली तर मला दुसरं काही येत नाही ताई. आकडेच येतात. आणि खोट्या आकड्यांची बाई म्हणून नाव झालं तर दारातसुद्धा कोणी उभं करणार नाही."

थोरलीला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. उलट तिला वाटलं, रडतानाही ही किती नीटनेटकी दिसते! आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचाच रागही आला.

३

लेखा विभागात धाकटीच्या शेजारी टोपणअण्णा बसत. पेनं हरवायची, पण पेनाचं टोपण त्यांच्या तोंडातून कधी हललं नव्हतं. धाकटी नसती तर तिच्या खुर्चीत तेच असते, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. थोरलीला ते आवडायचे, कारण दोघांचं दुखणं एकच होतं.

"खरं सांगू का बाई," टोपण एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत ते म्हणाले, "ती बुडाली तर मी पेढे वाटीन. पण तो कागद तिचा नाही."

"तुम्ही कसं सांगता?"

"शून्य काय लिहिलंय? शून्य? या कचेरीत कुणी बापजन्मात शून्य लिहिलंय का?"

थोरलीच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. खरंच की! रकान्यात काही नसेल तर कचेरीतला माणूस 'निरंक' लिहितो. नोकरीत लागल्या दिवशी हाच पहिला शब्द शिकवतात. पुढे तो इतका अंगवळणी पडतो की टोपणअण्णांनी आपल्या नातवाच्या बारशाच्या यादीत अहेरापुढेही निरंक लिहिलं होतं. धाकटीनं पाठवलेला प्रत्येक कागद थोरलीच्या हाताखालून गेला होता. त्यात शून्य कधीच नव्हतं.

म्हणजे धाकटी नाही. टोपणअण्णा नाहीत. कचेरीतलं कुणीच नाही. थोरलीचं मन खट्टू झालं. हातातोंडाशी आलेला घास कुणी काढून घ्यावा तसं तिला झालं. पण मग बाहेरचं कोण? तिचे पाय आपोआप खोकलेबुवांच्या दुकानाकडे वळले.

खोकलेबुवांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. ते गल्ल्यावर बसून चहा पीत होते.

"या या सचिवबाई! मला पकडायला आलात?" ते मनापासून हसले. "माझी शंका येणारच. 'आधी खर्च' आला तर माझे निम्मे ठराव घरी जातील, कबूल. पण जरा डोकं चालवा. मला ठराव पाडायचा असता तर मी पत्रकात काय लिहिलं असतं?"

मग त्यांनी स्वतःच उत्तर दिलं.

"चाळीस लाख! नव्या इमारती, दहा माणसं, दोन गाड्या. आकडा फुगवला की सभा आपोआप घाबरते. शून्य लिहून मला काय मिळणार? शून्य लिहिल्यानं ठराव पडत नाही हो, पत्रक लिहिणारी पडते." त्यांनी बशीत चहा ओतला. "हे काम माझ्यासारख्या ठरावाच्या शत्रूचं नाही. हे तुमच्या जाऊबाईंच्या शत्रूचं आहे. सभेत मला हशा मिळाला म्हणून मी हसलो, पण घरी गेल्यावर मलाच खटकलं."

"तिला शत्रू कोण असणार?" थोरलीनं विचारलं.

खोकलेबुवा खोकले. मग बशीकडे बघत, जरा अवघडून म्हणाले, "बाई, तुम्ही रागावू नका. पण गावात कुणालाही विचारलंत तर एकच नाव सांगतील. आणि पाकीट शेवटपर्यंत त्याच नावाच्या हातात होतं."

४

थोरली कचेरीत परतली आणि दार लावून बसली. धाकटीचा शत्रू, बाहेरचा माणूस, पाकिटापर्यंत हात पोचणारा. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला तिचंच नाव येत होतं. फक्त मधल्याला येत नव्हतं. ती कचेरीत मुरलेली होती, तिनं झोपेतही निरंकच लिहिलं असतं. पण हा बचाव सभेला कोण पटवणार?

तिनं खण उघडून पाकीट काढलं. वरची बाजू तिनंच कापली होती. चिकटवलेलं तोंड आणि त्यावरची धाकटीची सही जशीच्या तशी होती, एक रेघही तुटली नव्हती. मग आत कागद गेला कुठून?

आणि तेव्हाच तिला खणात मुंग्यांची रांग दिसली. लाल, बारीक, शिस्तीत चाललेली. खणात खायचं काही नव्हतं. रांग थेट पाकिटाच्या खालच्या कडेला जाऊन पोचत होती. सभेतही मुंग्या तिथेच फिरत होत्या आणि तिनं त्या फुंकून उडवल्या होत्या.

तिनं खालची कड नखानं उचलली. ती सहज सुटली. पाकीट तोंडाकडून कुणी उघडलंच नव्हतं. कुणीतरी खालची शिवण ओलसर करून सोडवली होती, कागद बदलला होता आणि पुन्हा चिकटवली होती. डिंकानं नाही, डिंक पिवळट सुकतो. हे पांढरं होतं, पापडीसारखं सुटत होतं. तिनं बोटाला लावून वास घेतला. मैदा. ती खळ होती.

कचेरीत कुणी खळ शिजवत बसत नाही. तिनं आणखी एक गोष्ट केली, जी पुढे कधी कुणाला सांगितली नाही. जिभेच्या टोकाला बोट लावलं. गोड लागलं.

"खळीत चिमूटभर साखर घातली की काय घट्ट बसते बघ!" हे वाक्य तिनं आयुष्यात कितीदा ऐकलं होतं! शाळेचे फाटके नकाशे चिकटवताना, पोरांच्या पुस्तकांना पुठ्ठे लावताना, दर वेळी तितक्याच कौतुकानं.

'माझ्या हातातून ते थेट सभेतच गेलं' असं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होती, आणि ते तिला अगदी खरं वाटत होतं. सभेच्या आदल्या संध्याकाळी कागदांची पिशवी घरी न्यायची, सकाळी चहा पिताना एकदा सगळं वाचायचं, ही तिची कायमची रीत होती. नियमात ते बसत नव्हतं. पण पिशवी घरी असणं म्हणजे तिला आपल्याच हातात असण्यासारखं वाटायचं. घराला तिनं कधी 'दुसरी जागा' म्हणून मोजलंच नव्हतं. त्या संध्याकाळी पिशवी खुंटीला टांगून ती भाजी आणायला गेली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चपला काढायच्या आतला तो प्रश्न तिला आता ऐकू आला. काय गं, हसले ना? तो दिवसभर घरात होता. त्याला कुणी सांगितलं होतं, की सभा हसणार आहे?

५

मास्तर ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत होता. तिनं पाकीट त्याच्या समोर ठेवलं, खालची कड उघडी करून. त्यानं लाल पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "साखर घालायला नको होती."

तिला वाटलं होतं तो नाकारेल, चिडेल, निदान खोटं तरी बोलेल.

"का केलंत हे तुम्ही?"

"तुला हसवायला."

"मला?"

"मग काय! रोज जेवताना तिचंच नाव. ती असं म्हणाली, तिला असं मिळालं, तिच्या तक्त्याला टाळ्या पडल्या. आपल्या दोघांच्या पंगतीत तिसरं पान तिचंच. माझ्या शाळेत काय झालं ते शेवटचं कधी विचारलंस गं तू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मलाही वाटलं, एकदा तिचं हसं होऊ दे. त्या दिवशी तू हसत घरी आलीस, जेवलीस. मी म्हटलं, चला, झालं काम. तिची नोकरी जाईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पत्रकाचा कोरा नमुना तूच आणून ठेवला होतास. त्यावर आकडे टाकून मी तो आधीच शाळेत छापून आणला होता."

"आणि शून्य का लिहिलंत?"

"मास्तर आहे मी. चूक करणाऱ्याला दुसरं काय देतात?"

एरवी ती हसली असती. "आणि तिचा कागद? फाडलात?"

"छे! दुसऱ्याचा पेपर फाडत नाहीत." त्यानं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याच्या तळातून घडी घातलेला कागद काढला. "वाचलासुद्धा नाही. लाज वाटली."

तिनं घडी उलगडली. धाकटीच्या त्या नेहमीच्या ठसठशीत छापील ओळी, एकाखाली एक.

एकवेळचा खर्च: निरंक. आवर्ती खर्च: सभासचिवांना दरमहा वाढीव भत्ता. त्याखाली खुलाशाच्या रकान्यात लिहिलं होतं: वेगळं पद निर्माण करण्याची आवश्यकता नाही. ही सूचना मूळ सभासचिवांची असून त्यांनी ती वेळोवेळी सभेनंतर तोंडी मांडली आहे. सबब हे काम त्यांच्याकडेच सोपवावं.

थोरलीनं ते दोनदा वाचलं. मग तिनं कागद मास्तरपुढे धरला. त्यानं वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळत बसला.

"वाचलं असतं तर..." तो म्हणाला.

"मीच कधी वाचलं होतं?" ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. ती ऐकत होती म्हणजे, सगळी वर्षं. माझी कुरकुर तिनं एकटीनं ऐकली होती, आणि मी मात्र तिच्या अंगावरच्या साड्या मोजत बसले होते.

रडणं ओसरलं तसा मोह समोर येऊन उभा राहिला. कागद चुलीत टाकला की संपलं. किंवा कागद 'कपाटामागे सापडला' म्हणायचं. धाकटी सुटेल, नवरा सुटेल, आणि भत्ता, काम, मान, सगळं तिच्या पदरात पडेल. ज्यासाठी इतकी वर्षं जीव जळला, ते हातात होतं, आणि फक्त एक लहानसं खोटं बोलायचं होतं.

"सभेला उद्या तुम्हीही या," ती मास्तरला म्हणाली. "मागच्या बाकावर बसा."

६

सभा भरली. धाकटी आपल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. थोरली उभी राहिली आणि तिनं पत्रक वाचलं, ओळ न ओळ, खुलाशासकट. सभागृहात एकदम कुजबूज उठली. धाकटीनं मान वर केली.

"आता हा कागद कुठं होता, त्याचा खुलासा," थोरली म्हणाली. तिनं दोन्ही हात मेजावर टेकवले. "हा माझ्या घरात होता. पाकीट घरी न्यायला परवानगी नसताना मी ते नेलं. तिथे ते खालून उघडून कागद बदलला गेला."

"कुणी बदलला?" अध्यक्षांनी विचारलं.

तिनं उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावर मास्तर उभा राहिला. आयुष्यभर पोरांना उभं करणारा माणूस खाली मान घालून उभा होता आणि हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

"मी," तो म्हणाला. "वहिनींचा... म्हणजे माझ्या भावजयीचा यात काडीचा दोष नाही. मी त्यांची माफी मागतो. सभेचीही."

"त्यांनी हात चालवले," थोरली म्हणाली. "पण त्यांच्या कानात रोज ओतत मी होते. लेखाधिकारी बाईंनी जे लिहिलं ते खरं होतं, आणि जे त्यांनी मला द्यायचं म्हटलंय ते आता मला घेता येणार नाही. ज्या बाईच्या घरात पाकीट सुरक्षित राहत नाही, तिच्याकडे गावाचे खर्च सोपवू नका. माझं नाव खोडावं आणि हे काम त्यांनाच द्यावं, अशी माझी विनंती आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी."

कुणी हसलं नाही. खोकलेबुवा खोकले आणि सगळ्यांनी माना वळवल्या.

"हरकत नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द सभागृहानं पहिल्यांदाच ऐकले होते.

नियम मंजूर झाला. थोरलीला लेखी ताकीद मिळाली आणि तिची एक वेतनवाढ रोखली गेली. पाकिटं यापुढे लेखा विभागाच्या कपाटात राहतील असं ठरलं. मास्तरच्या शाळेला पत्र जायचं होतं, पण धाकटीनं तक्रार करायला नकार दिला, म्हणून ते माफीनाम्यावर निभावलं. खर्चाचं काम तिच्याकडे आलं, भत्त्यासकट. टोपणअण्णांनी मात्र पेढे वाटले नाहीत.

संध्याकाळी घराच्या जिन्यापाशी दोघी गाठ पडल्या. धाकटी वरच्या मजल्यावर राहायची. ती पहिल्या पायरीवर थांबली, थोरली खाली.

"का लिहिलंस गं माझं नाव?" थोरलीनं विचारलं.

"खरं होतं म्हणून. आणि..." धाकटीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही सभेत वाचायला उभ्या राहिलात ना, की सगळे गप्प होतात. मला तक्ते काढावे लागतात. मला फार हेवा वाटतो तुमचा. म्हटलं, एकदाचं देऊन टाकावं, म्हणजे तो तरी जाईल."

थोरलीला वाटलं, आज सगळंच जाहीर करायचा दिवस होता, तर हेही का ठेवायचं?

"तुला एक सांगू? मी जळते तुझ्यावर. पहिल्यापासून. आज सभेत तुझं नाव मीच पुढे केलं ना, तेव्हासुद्धा जळत होते."

धाकटीनं गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. अगदी लेखाधिकाऱ्यासारखी.

"एकवेळचं की आवर्ती?"

"आवर्ती," थोरली म्हणाली.

धाकटी खुदकन हसली, आणि जिना चढायचा सोडून थोरलीच्या मागोमाग तिच्या घरात चहाला गेली. मास्तरनं मुकाट्यानं तिसरा कप काढला.